अकराशे बेचाळीस खराब जागा

शरयूताईंनी संगणक दुकानात आणला तो धाबळीत गुंडाळून, पोटाशी धरून. रिक्षावाला मदतीला पुढे झाला तर त्याला म्हणाल्या, "त्यापेक्षा बाबांना हात द्या." मागून वामनबुवा काठी टेकत उतरले आणि नेहमीसारखे माझ्या दुकानातल्या लाकडी बाकावर येऊन बसले.

"निर्मलाताई, हा सुरूच होत नाही हो. सकाळपासून अकरा वेळा बटण दाबलं."

"अकरा?"

"बारावं तुमच्यासमोर दाबते, बघा..."

मी त्यांचा हात धरला. "नको. आता कुणीच काही दाबायचं नाही."

लोकांना वाटतं, संगणक म्हणजे रुसलेलं पोर, चार वेळा हाक मारली की पाचव्यांदा येईल. हल्लीच्या यंत्रांचं तसं नाही. सुरू होण्याच्या प्रत्येक प्रयत्नात ती आतल्या आत काहीतरी बदलत असतात. म्हणून यंत्र बंद पडलं की आधी वीज तोडायची, आतली साठवण, म्हणजे सगळ्या फायली जिच्यात असतात ती वडी, अलगद काढून बाजूला ठेवायची, आणि मगच बाकीच्याला हात लावायचा. यंत्र काय, दुसरं मिळतं.

वामनबुवा काळगावकर म्हणजे आमच्या कऱ्हाडचे कीर्तनकार. साठ वर्षं कीर्तनाला उभे राहिले. उत्सवाच्या दिवसांत कीर्तनाच्या वेळेला माझ्या दुकानाचं शटर खाली असतं, हे माझ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. बुवांच्या तोंडून देव ऐकला त्याला देवळात वेगळा शोधावा लागत नाही, असं मला आजही वाटतं. गेल्या भाद्रपदात त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे परत आले, वाचा मात्र आली नाही. समजतं सगळं. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथे अडतो.

"आत काय काय आहे?" मी विचारलं.

"चारशे कीर्तनं. बाबांची, सगळी. कॅसेटींना बुरशी लागायला लागली तेव्हा त्यांनीच एकेक करून यात उतरवली."

"आणि दुसरी प्रत?"

शरयूताईंनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी छताकडे पाहिलं.

दुसरी प्रत का नव्हती ते मला माहीत होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी कीर्तनकारांचे आवाज चोरून त्यांच्या तोंडी वाटेल ते घालायची साथ आली होती. साताऱ्याकडच्या एका बुवांच्या गोड आवाजात गुडघेदुखीचं तेल विकलं गेलं. तेव्हापासून वामनबुवांनी ठरवलं होतं, आपलं कीर्तन घराबाहेरच्या कुठल्याही साठ्यात जायचं नाही.

"मला शनिवारी कीर्तनाला उभं राहायचंय," शरयूताई म्हणाल्या. "हनुमान जयंतीचा उत्सव. मंडळानं बाबांचं विदुरपत्नीचं आख्यान मागितलंय. त्यांनी स्वतः बांधलेलं, कागदावर एक अक्षर नाही. मी शिकवा म्हणायची, ते 'नंतर' म्हणायचे." त्या थांबल्या. "आज मंगळवार."

मी साठवण काढून कापडावर ठेवली आणि यंत्राचं झाकण उघडलं. उघडताच देवळात आल्यासारखा वास आला. पंख्याच्या पात्यांवर, सगळे भाग बसवलेल्या पाटीवर, बारीक तारांच्या फटींत काळी पूड बसली होती.

"हे काय काळं?"

"बुक्का असेल," शरयूताई हळू आवाजात म्हणाल्या.

"संगणकाला?"

"रोज. पूजा झाली की. पोथीला लावतात तसा. बाबा म्हणायचे, माझी सगळी आख्यानं यात आहेत, मग ही पोथीच झाली की."

"अहो, पण पोथीला पंखा नसतो!" मला हसू आवरेना. "बुवा, बुक्क्यात कोळशाची पूड असते. कोळशातून वीज जाते. तुम्ही रोज चिमूटभर पूल बांधत होता, वीज नको तिकडून पलीकडे जात होती. देवाला चालतं, याला नाही चालत."

बुवांनी डावा हात कपाळाशी नेऊन यंत्राला नमस्कार केला. क्षमा मागितली की आशीर्वाद मागितला, कळलं नाही.

मऊ कुंचला आणि स्पिरिट घेऊन मी दोन तास ती पाटी पुसत बसले. वाळली तेव्हा साठवण न जोडताच वीज दिली. पंखा फिरला, दिवे लागले. शरयूताईंनी टाळीच वाजवली.

"थांबा. हे घर झालं. घरातलं माणूस कसं आहे ते आता बघायचं."

साठवण जोडली. पडदा उजळला आणि त्यावर एकच ओळ आली :

११४२ जागा खराब आहेत. सांधून सुरू करू का?

खाली दोन चौकटी. हो. नाही.

शरयूताईंचं बोट 'हो'कडे निघालंच होतं. मी पडद्यावर तळहात आडवा धरला.

इथे सांधक म्हणजे काय ते सांगायला हवं. जुन्या काळी साठवणीतली एखादी जागा सडली की फाईल उघडायची नाही, आणि आपलं काही गेलं हे निदान कळायचं. आता प्रत्येक साठवणीच्या पोटात एक लहानसा शिकाऊ मेंदू असतो, तो सांधक. तिथे जे जे येतं ते तो वाचत राहतो आणि त्याची वळणं शिकतो. या घरातलं पत्र कसं सुरू होतं, या आवाजात 'रामा' म्हटल्यावर श्वास कुठे घेतात, कुठल्या ओळीनंतर टाळ वाजतात. उद्या एखादी जागा गेली, तर मागचं-पुढचं पाहून तिथे काय असण्याची सगळ्यात जास्त शक्यता आहे ते तो काढतो आणि भरून टाकतो. लग्नाच्या फोटोतला मांडवाचा कोपरा त्याने भरला तर कुणाला कळत नाही, कुणाचं बिघडतही नाही. लहानसहान जागा तो न विचारता भरतो, दर वेळी सुरू होताना. फार झाल्या तरच थांबून विचारतो.

"म्हणजे मी अकरा वेळा दाबलं तेव्हा..."

"थोड्या भरल्या असतील त्याने. कुठल्या, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. भरलेलं आणि मूळचं यांत तो खूण ठेवत नाही."

शरयूताईंचा चेहरा उतरला. मग त्या स्वतःला सावरून म्हणाल्या, "पण 'हो' म्हटलं तर आख्यान पूर्ण मिळेल?"

"पूर्ण मिळेल."

"बाबांच्या आवाजात?"

"बुवांच्याच."

"आणि 'नाही' म्हटलं तर?"

"तर मी सांधकाला झोपवेन आणि जे उरलंय त्याची कच्ची नक्कल काढेन. जसं आहे तसं. भोकं तशीच राहतील. आणि एकदा झोपवला की त्याने इतक्या वर्षांत शिकलेलं सगळं पुसलं जातं. मग नंतर वाटलं म्हणून सांधता येणार नाही. दोन्हीतलं एकच मिळेल, शरयूताई."

"मग यात विचार कसला करायचा?" त्यांचा आवाज चढला. "सात महिने झाले मी बाबांचा आवाज ऐकला नाही. तुम्ही म्हणता तो पूर्ण मिळेल, आणि वर विचारता भोकं हवीत का!"

मला त्यांचं पटतही होतं. मी स्वतः तो आवाज ऐकायला किती आसुसले होते, ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण हातातलं काम म्हणत होतं, आधी बघ.

"सांधक आधी नमुना दाखवतो," मी म्हटलं. "एखादी जागा कशी भरेल ते लिहिण्याआधी ऐकवतो. ऐकू या?"

आख्यानाची फाईल शोधली. चाळीस वर्षांपूर्वीची, मारुतीच्या देवळातलीच. मोठी खराब जागा एकच होती, बाविसाव्या मिनिटाला. मी नमुना लावला.

आणि दुकानात वामनबुवा बोलू लागले. भरदार आवाज, पेटीचा सूर, मागे झांजा. द्वारकेचा राणा अवचित विदुराच्या घरी आला आहे, विदुर घरात नाही, त्याची बायको हरखून गेली आहे. केळी सोलते, भान नाही, गर टाकून देते आणि साल देवाच्या हातावर ठेवते. देव सालच खातो, आवडीने. बुवांचा आवाज तिथे असा ओला झाला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नामाचा गजर झाला, आख्यान पुढे गेलं. जोड कुठे होता, शोधूनही सापडला नसता.

"बघा," शरयूताई डोळे पुसत म्हणाल्या. "हेच तर आहे. बाबा, आवडलं ना?"

बुवांनी काठी जमिनीवर आपटली.

"काय झालं? पाणी हवंय? पंखा लावू?"

बुवांनी मान हलवली. तोंड उघडलं. ओठ एकत्र आले, सुटले.

"घरी जायचंय? दमलात का? निर्मलाताई, आपण उद्या..."

"शरयूताई," मी म्हटलं, "जरा थांबता? त्यांना बोलू द्या."

"अहो, त्यांना त्रास होतो."

"तुम्ही त्यांच्या तोंडात पाणी घातलंत, पंखा घातलात, घर घातलंत. त्यांचं काय आहे ते अजून आलंच नाही."

त्या बुवांशेजारी बाकावर बसल्या. दुकानाबाहेर कुणीतरी स्कूटर लावली, कुणीतरी चार्जर विचारून गेला. बुवा पडद्याकडे बोट करून झगडत होते. कपाळावरची शीर फुगली. शेवटी आलं.

"इं... दू."

शरयूताईंनी बाकाची कड धरली. "आई?"

बुवांनी जोरजोरात मान डोलावली. बोट पडद्याकडे. मग हाताने पुसल्याची खूण. इंदू इथे होती. इथे आता नाही.

शरयूताई चार वर्षांच्या होत्या त्या साली. पुढच्याच वर्षी आई गेली, काविळीने. आईचे फोटो दोन, आवाज कुठेच नाही. निदान त्यांना तसं वाटत होतं.

"दुपारी बाबा कानाला लावून काहीतरी ऐकत बसायचे," त्या म्हणाल्या. "मी कधी विचारलं नाही. चारशे फायलींतल्या पन्नाससुद्धा मी ऐकल्या नसतील. बाबा समोर होते ना. फाईल कशाला ऐकायची?"

आता मला कोडं उलगडू लागलं. "हे बघा. सांधकाला बुवा पाठ आहेत. चारशे कीर्तनांतले बुवा. आई या चारशेंत एकदाच बोलली असेल. एकदाच झालेली गोष्ट त्याच्या हिशेबात बसत नाही. तो म्हणतो, इथे बुवा नेहमीसारखे पुढे गेले असणार. म्हणून त्याने त्यांना पुढे नेलं."

"मग आईचा आवाज त्या जागेत होता आणि ती जागाच गेली."

"खराब म्हणजे गेलीच असं नाही. त्याच्या लेखी खराब म्हणजे ज्याची त्याला खात्री नाही ते. खाली काही कण उरले असतील. नसतीलही. नुसती खरखर असू शकते. मी वचन देत नाही."

त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. एकीकडे बापाचा धडधाकट आवाज होता, शनिवार होता, सगळं गाव होतं. दुसरीकडे खरखर, आणि तिच्यात कदाचित काहीतरी. असल्या वेळी दुकानदाराने बोलू नये.

त्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी हात जोडले. लेकीपुढे बापाने जोडावेत तसे नव्हते ते हात. कीर्तनाला उभं राहताना श्रोत्यांपुढे जोडतात, तसे होते.

शरयूताईंनी स्वतः 'नाही' दाबलं.

नक्कल निघायला एकोणीस तास लागले. सडत चाललेल्या साठवणीला घाई चालत नाही. एक जागा दोनदा वाचली तर शेजारची ढासळते, म्हणून यंत्र पाऊल टेकत टेकत जातं. मी दर थोड्या वेळाने आकडा बघायचे आणि नाम घ्यायचे. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

बुधवारी दुपारी दोघं आले. मी आधी ऐकलं नव्हतं. तो मान माझा नव्हता.

बावीस मिनिटांपर्यंत आख्यान चालू राहिलं. मधे दोन ठिकाणी आवाज तुटला, पण अर्थ लागत होता. मग ती जागा आली. तरुण वामनबुवा रंगात आले आहेत, विदुरपत्नी केळी सोलते आहे, आणि मग खरखर. पत्र्यावर वाळू ओतावी तशी. तिच्यातून वर येऊन, अगदी माइकजवळ बसल्यासारखा, एका बाईचा आवाज :

"अहो बुवा..."

पुन्हा खरखर. लांबच लांब. आणि ती संपली ती देवळातल्या हशावर. शंभरेक माणसं एकदम हसत होती. त्या हशावर तरुण बुवांचा आवाज, तोही हसरा : "घरी तर ऐकतोच, मंडळी, आता देवळातही ऐकायचं! चूक माझी. अगदी माझी." पुन्हा हशा, मग गजर.

"एवढंच?" शरयूताईंनी विचारलं.

"एवढंच."

"परत लावा."

परत लावलं. मग परत. पाचव्या वेळेला त्या आईबरोबर ओठ हलवू लागल्या. अहो बुवा. चार अक्षरं. आवाज थोडा घोगरा, किंचित नाकातला, शरयूताईंच्या आवाजासारखा अजिबात नाही. बुवा डोळे मिटून बसले होते.

"काय म्हणाली हो ती, बाबा?"

बुवांनी प्रयत्न केला. या वेळी कुणीच घाई केली नाही. पण तो शब्द त्या दिवशी आला नाही, आणि पुढच्या दोन दिवसांतही आला नाही. मी नकलेच्या तीन प्रती काढल्या, एक माझ्या कपाटात ठेवली, एक शरयूताईंच्या मावसभावाकडे कोल्हापूरला पाठवली. बुवांनी त्याला हरकत घेतली नाही.

शनिवारी चार वाजता मी शटर ओढलं. मारुतीचं देऊळ भरलं होतं. बुवा पुढे खुर्चीवर. पूर्वरंगात शरयूताईंनी नम्रतेवर निरूपण केलं, थोडं घाईतच केलं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "आज हिचं चित्त पुढंच लागलंय." मधे हार घालून झाला आणि त्या उत्तररंगाला उभ्या राहिल्या.

बापाचं आख्यान, पण बापाची नक्कल केली नाही त्यांनी. तुटलेल्या दोन जागा आपल्या शब्दांनी जोडल्या, आणि तसं सांगूनही टाकलं : "इथली ओवी मला मिळाली नाही, ही माझी आहे, गोड मानून घ्या." केळ्याच्या सालीपाशी आल्या आणि थांबल्या. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला.

"मंडळी, चाळीस वर्षांपूर्वी इथेच, या जागी, बुवा थांबले होते. बायकांमध्ये माझी आई बसली होती. ती बोलली. 'अहो बुवा', एवढं मला मिळालं. पुढचं मिळालं नाही. यंत्र ते भरून देत होतं, मी नको म्हटलं. तेवढी जागा मी मोकळी ठेवते."

आणि खरंच ठेवली. पेटीचा एक सूर आणि माणसांचं श्वास घेणं, बाकी काही नाही. मग गजर घेतला. देऊळभर असा उठला की मला तरी देव बाहेर येऊन उभा राहिलासा वाटला.

आरती झाल्यावर खरी गंमत सुरू झाली. गोदाकाकू गर्दी सारत आल्या. "शरयू, मी होते गं त्या दिवशी! अगदी इंदूच्या मांडीला मांडी लावून. ती म्हणाली, 'अहो बुवा, साल म्हणा, साल! तुम्ही गरच भरवताय देवाला!'"

बुवांनी मान हलवली. नाही.

"असं कसं नाही? माझ्या कानांनी ऐकलंय."

"काय बी सांगू नका काकू," मागून बायजाक्का म्हणाल्या, त्या देवळात फुलं द्यायच्या. "मी हुते की खांबापाशी. इंदूवैनी म्हनल्या, 'अहो बुवा, पेटी बसलीया, सूर बघा.' त्यावरच तर हसली मान्सं."

बुवांनी मान हलवली. नाही. पण आता त्यांचे खांदे हलू लागले होते.

मी मनात म्हटलं, एक सांधक झोपवला तर इथे दोन उभे राहिले. माणसाच्या मेंदूचंही तेच, रिकामी जागा त्याला सोसत नाही. आणि या दोघी खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरोखरच तसं ऐकू येत होतं.

मग एक पाठीत वाकलेल्या आजी पुढे आल्या. त्यांना मी ओळखत नव्हते. त्यांनी शरयूताईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "बाळ, तू निजली होतीस तिच्या मांडीवर. ती म्हणाली, 'अहो बुवा, आवाज जरा खाली घ्या, लेक उठेल.'"

शरयूताईंनी वळून बापाकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मला बघवेना. हे तरी असू दे, असं ती नजर म्हणत होती. बुवांनी मान डोलावली असती तर ते कायमचं खरं झालं असतं. विचारायला दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

बुवांनी खूप वेळ घेतला. मग हळूच, लेकीच्या डोळ्यांत बघत, मान हलवली. नाही. तेही नाही.

शरयूताईंनी खाली बघितलं. मग हसल्या, आणि बापापुढे उकिडव्या बसल्या.

"बरं. राहू दे. पण बाबा, जे काय म्हणाली ते... चांगलं होतं का?"

बुवांचे ओठ एकत्र आले, सुटले, पुन्हा आले. आजूबाजूच्या दहा बायका, आणि मी, श्वास धरून उभ्या राहिलो. एकीनेही शब्द पुरवला नाही.

"फा... र," वामनबुवा म्हणाले.